चाचाची गाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. आईला न्हाई, नवऱ्याला न्हाई, शीतलला तर बिलकुल न्हाई. तुम्हाला सांगून राह्यले, कारण तुम्ही मला ओळखत न्हाई — आणि ओळखत असाल तर वाचून गप बसाल, असं धरून चालते. बारा वर्षं झाली. इतकी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवली की ती दुखायची थांबते, तिची सवय होते. मी औषधाच्या दुकानात बसते, सवयीचं मला माहीत आहे. वर्षानुवर्षं एकच गोळी घेणाऱ्या माणसाला विचारा, कशासाठी घेता म्हणून. अर्ध्यांना सांगता येत न्हाई.

सुरुवात एका बोलण्यापासून करते. आमच्या क्लबात ऐन वेळेला काही निसटलं — जाळीतून चेंडू पडला, मॅचला निघताना टेम्पोचं टायर बसलं, कुणाच्या बुटाचा तळवा उचकटला — की कुणीतरी ओरडतं, "चाचाची गाठ!" आणि सगळ्याजणी हसतात. नव्या पोरींनी तर चाचांना पाहिलेलं पण न्हाई. त्यांना वाटतं, जुन्या लोकांचं बोलणं असंल. एकीच्या घरी दुधाचं पातेलं उतरवताना पकडीतून सुटलं, ती आईसमोर हेच बोलली, तर आता तिच्या घरी पण चालू झालंय म्हणे.

ती गाठ सुटली नव्हती. खरं तर एवढंच सांगायचं आहे. पण नुसतं एवढं सांगितलं तर तुम्हाला काय कळणार — कोणते चाचा, कसली गाठ? मंग थोडं मागं जावं लागतं. वेळ काढून राह्यले असं वाटलं तर वाटू द्या. काढूनच राह्यले.

आमचा क्लब लॅक्रोसचा. मंठ्यात लॅक्रोस! — हसा, सगळेच हसतात. एक काठी असते, तिच्या टोकाला जाळी. त्या जाळीत चेंडू झेलायचा, जाळीत घेऊन पळायचं, जाळीनंच दुसरीकडं फेकायचा न्हाईतर गोलात मारायचा. हात लावायचा न्हाई. खरात सर आमच्या कॉलेजात खेळ शिकवायचे. ते कुठल्यातरी शिबिराला गेल्ते, तिथून आठ जुन्या काठ्या पोत्यात बांधून एस्टीनं घेऊन आले. आम्ही पहिल्या दिवशी त्या घेऊन मैदानाकडं निघालो तर गावानं एका मिनिटात नाव ठेवलं — झारा. भजे काढायचा झारा. "झारेवाल्या निघाल्या बघा!" "ए बाई, बुंदी कधी पाडता?" माझी आई तर म्हणाली, घरातला झारा कधी हातात धरला न्हाई आणि गावात घेऊन मिरवून राह्यली का?

पण तेच गाव. बाजार समितीच्या मागं मोकळी जागा होती, कुसळं आणि कापसाच्या पऱ्हाट्यांचे खुंट नुसते. पहिल्या रविवारी आम्ही अकरा पोरी खुंट उपटत बसलो, तर दुसऱ्या रविवारी दोघीतिघींचे बाप खुरपं घेऊन आले. गोलाच्या चौकटीला पाइप एका नळवाल्यानं दिला, तिची जाळी आम्ही शेडनेटच्या तुकड्याची शिवली. लांब मॅच असली की मुक्ता नावाच्या आमच्या गोलकीपरचा मामा बियाण्याच्या गोण्यांचा टेम्पो द्यायचा, आम्ही त्यात सतरंजी टाकून जायचो, उतरलो की केसांत भुसा. माझी आईच, जी बोलली होती, ती नंतर मैदानाच्या कडेला बसून वाटाणे सोलायची आणि कुणी पडलं की आमच्याआधी उठायची. हे सगळं सांगते, कारण पुढं जे झालं ते या लोकांच्या चांगुलपणामुळंच झालं. म्हणजे केलं मी. पण जमलं ते त्यांच्या चांगुलपणामुळं.

आता हबीबचाचा. मैदानाच्या कोपऱ्याला कडुलिंबाचं झाड आहे, त्याखाली चाचा बाजा विणायचे. बाज म्हणजे आपली खाट हो. लाकडाची चौकट आणि तिला विणलेला दोर. साठीच्या पुढचे, बारीक, पांढरी दाढी, दातात कायम दोरीचं एक टोक. मंठ्यातल्या निम्म्या घरात त्यांनी विणलेली बाज होती. दोन महिन्यांत आमच्या काठ्यांच्या जाळ्या फाटायला लागल्या. नव्या मागवायच्या कुठून? सरांनी एक काठी चाचांकडं नेली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, आणि हसले. म्हणाले, "सर, ये तो छोटी बाज है. गेंद के सोने की."

तेव्हापासून आमच्या सगळ्या जाळ्या चाचांच्या. नायलॉनची बारीक दोरी आणून त्यांनी त्या बाजेच्याच पद्धतीनं विणल्या. बाजेला पायथ्याशी एक दोर असतो, तो ताणला की सगळी बाज घट्ट होते — चाचा त्याला अदवान म्हणायचे. तसंच आमच्या काठीला. जाळीच्या चार दोऱ्या खाली मानेपाशी एकत्र आणायच्या, ताणायच्या, आणि तिथं एक निरगाठ. ती गाठ घट्ट तर जाळी घट्ट. ती सैल तर जाळीला झोळ. चाचा गाठ मारायचे, तिच्यावर अंगठा दाबायचे, आणि म्हणायचे, "बैठ गई." बैठ गई म्हणजे झालं. मंग ती गाठ कापावी लागायची, सुटायची न्हाई. गावात त्यांचं तेवढंच नाव होतं — हबीबचाचाची गाठ सरकत न्हाई. दुसरं काय होतं त्यांच्याकडं?

संध्याकाळी काम संपलं की ते तिथंच विटेवर बसून आमचा खेळ बघायचे. नियम एक कळायचा न्हाई. पण कुणी लांबून चेंडू झेलला की झेलणारीकडं बघायचे न्हाई, जाळीकडं बघायचे. ईदला आम्ही अकराच्या अकरा त्यांच्या घरी शिरखुर्मा प्यायला. चाची आमच्यासाठी वेगळं पातेलं ठेवायच्या, कमी गोड, खेळणाऱ्या पोरी म्हणून.

गाठ मारायला त्यांनी एकीलाच शिकवलं. मला.

मी डावखुरी. घरी लहानपणापासून त्या हातावर फटके. प्रसाद उजव्या हातात घे, पाहुण्याला पाणी उजव्या हातानं दे, परीक्षेत तरी नीट लिही. चाचांसमोर पहिल्यांदा दोरी धरली ती सवयीनं उजव्या हातात, तर नीट जमेना. ते म्हणाले, "जिस हाथ से बनता उससे बांध ना. दोरी को क्या मालूम." ऐकलं आणि मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. मंग मी डाव्या हातानं बांधायला शिकले. गाठ तीच, तितकीच घट्ट. फरक एवढाच की चाचांच्या गाठीचं टोक उजवीकडं निघायचं आणि माझ्या गाठीचं डावीकडं. हे दोघांनाच माहीत होतं. बाकीच्यांना गाठ म्हणजे गाठ.

हे लक्षात ठेवा.

शीतल क्लबात एक वर्ष उशिरा आली. पहिल्या आठ काठ्यांतली एक नंबरची माझी होती. मंठ्यात पहिला गोल मी मारलेला. आणि ही बाजाराच्या दिवशी भाज्यांची पिशवी घेऊन मैदानाजवळून चालली होती, सरांनी गमतीत काठी दिली, हिनं पिशवी खाली ठेवली आणि पहिलाच चेंडू झेलला. सहा महिन्यांत ती माझ्यापुढं गेली. वर्षात सगळ्यांच्या पुढं. मधल्या जागेवर मी खेळायचे, तिथून सगळा खेळ चालतो. सरांनी मला बाजूला केलं, तिला तिथं टाकलं. बराबर केलं. मी पण तेच केलं असतं.

तिचा राग यावा असं ती काहीच करायची न्हाई — तोच तर त्रास होता. माझ्याशेजारी बसायची, माझ्या डब्यातलं खायची, मला वर्षाताई म्हणायची. चार महिन्यांनी लहान असंल फक्त. मी तिची वेणी घालून द्यायचे मॅचच्या आधी. वेणी घालताना मला काय वाटायचं ते मी लिहिणार न्हाई. चांगलं न्हाई वाटायचं.

मंग ती जालन्याची मॅच. दिवसभराचे सामने होते, चार क्लब. राज्याच्या संघासाठी मुली बघायला दोघंजण आल्ते, मांडवात खुर्च्या टाकून वही घेऊन बसलेले. सकाळी आमची पहिली मॅच झाली, आम्ही जिंकलो. दुपारी शेवटची, परभणीच्या मुलींशी. सकाळीच पंचांनी सगळ्या काठ्या तपासल्या होत्या. तपासायची रीत अशी — जाळीत चेंडू ठेवायचा, काठी डोळ्यासमोर आडवी धरायची. चेंडूचा वरचा भाग कडेच्या वर दिसला पाहिजे. जाळीला झोळ असला की चेंडू आत बुडतो, दिसत न्हाई. मंग ती काठी बाद, कारण खोल जाळीतून चेंडू काढून घेणं समोरच्याला अवघड जातं, ती लबाडी धरतात. आमच्या सगळ्या काठ्या पास झाल्या. परत तपासणी कुणी हरकत घेतली तरच, असं ठरलं होतं.

दुपारी सगळ्या खिचडी खायला गेल्या. मी म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी काठ्यांजवळ बसते. सरांनी मला शाबासकी दिली त्याबद्दल. म्हणाले, वर्षाला जबाबदारी कळते.

शीतलची काठी माझ्या मांडीवर होती. केव्हा घेतली ते आठवत न्हाई. — न्हाई, आठवतं. बराबर आठवतं. मी आधी इकडंतिकडं पाहिलं, मंगच घेतली. कंपासपेटीतल्या करकटकाच्या टोकानं चाचांची गाठ टोकरत राह्यले, ती सुटेना. ती सुटतच नसायची ना. शेवटी दातानं सोडवली. चारही दोऱ्यांना बोटभर ढील दिला, आणि परत निरगाठ मारली. घट्ट. शिकवल्यासारखी. अंगठा दाबून पाहिला. माझ्या तोंडून हळूच निघालं पण, "बैठ गई." सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

काय पाहिजे होतं मला? एवढंच की चेंडू जाळीत रेंगाळावा, सुटताना खाली जावा, तिच्या चार फेका वाया जाव्या, सरांनी तिला बाहेर काढावं आणि मला मधे टाकावं. त्या खुर्च्यांसमोर. काठी बाद होईल हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. हे मी सूट मागायला सांगत न्हाई. जे डोक्यात होतं ते काही कमी न्हाई.

आणि झालं काय — पहिल्या दोन फेका तिच्या पायापाशी पडल्या. तिसऱ्या वेळी तिनं मनगट थोडं लवकर सोडलं. चौथी फेक सरळ. बास, दोन फेकांत तिनं ती सैल जाळी सांभाळून घेतली! मी बाजूच्या जागेवरून बघून राह्यले होते. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता. शेवटची दोन-तीन मिनिटं, बरोबरी, आणि हिनं तिघींच्या मधून काढून गोल मारला. आमच्या सगळ्याजणी धावत सुटल्या. मी पण धावले. तिला मिठी मारली. मारली, काय सांगू तुम्हाला.

परभणीच्या सरांनी हात वर केला. हरकत. पंचांनी शीतलच्या हातातून काठी घेतली, जाळीत चेंडू ठेवला, डोळ्यासमोर धरली. चेंडू दिसायला पाहिजे होता. दिसला न्हाई. पंचांनी दोनदा पाहिलं, गोल रद्द, काठी बाहेर. पलीकडच्या पोरी "चीटिंग, चीटिंग" करून टाळ्या वाजवायला लागल्या. मांडवातल्या दोघांनी आपसात काहीतरी म्हटलं आणि एकानं वही मिटली. जादा वेळेत आम्ही हारलो.

येताना टेम्पोत सतरंजीवर बसलो. शीतल मधे बसून रडत होती. "मी हात लावला न्हाई. आईशप्पथ हात लावला न्हाई. सकाळी पास झाली होती ना?" हेच परत परत. सगळ्यांना तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण मंग जाळी सैल झाली कशी? कुणीतरी केल्याशिवाय? ते कुणालाच बोलायचं नव्हतं. मला दिसत होतं — सगळ्याच्या सगळ्या, सरांसकट, एक असं कारण शोधून राह्यले की ज्यात शीतल लबाड ठरणार न्हाई.

ते मी दिलं. "गाठ सरकली असंल," मी म्हणाले. "चाचाची."

बास. टेम्पोत एकदम हवा आली. हां, बराबर, तेच असंल. म्हातारे झालेत. डोळ्यांना दिसत न्हाई आता. मुक्ता तर म्हणाली, माझी पण एकदा ढिली झाली होती — झाली नव्हती, पण शीतलसाठी ती पण बोलली. शीतलनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. डावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लिंबाखाली. सर फार अदबीनं बोलले. चाचा, असं असं झालं, तुमचा काही दोष न्हाई, वयच झालं, पण पुढं आपण तयार जाळ्याच मागवू. चाचा आधी मानेनंच न्हाई म्हणाले. "मेरी गांठ नई सरकती सर. दिखाव." सरांनी शीतलची काठी दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मानेपाशी अंगठा ठेवला. त्या टोकावर. ते टोक डावीकडं निघालेलं. तिथं त्यांचा अंगठा थांबला.

मंग त्यांनी वर पाहिलं. माझ्या तोंडाकडं न्हाई. माझ्या हाताकडं. मी चहाचा कप धरून उभी होते, अर्थात डाव्या हातात.

किती वेळ झाला असंल? तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं. हो. तेव्हा बोलायचं होतं. मी कप या हातातून त्या हातात घेतला, एवढंच केलं.

चाचांनी काठी खाली ठेवली. म्हणाले, "हां सर. मेरीच गांठ. सरक गई." आणि शीतलकडं वळून दोन्ही हात जोडले. "बेटी, माफ कर. तेरा नुकसान हुआ." शीतल रडतच म्हणाली, जाऊ द्या चाचा. साठीच्या वरचा माणूस, आयुष्यभर एकच गोष्ट बराबर केलेला, तो सगळ्यांसमोर म्हणाला की ती मला येत न्हाई. आणि मी तिथं उभी.

तयार जाळ्या आल्या. चाचा संध्याकाळी विटेवर बसायचे बंद झाले. काम संपलं की दोरीची वळकटी काखेत मारून निघून जायचे. बोलणं मात्र राह्यलं — सुरुवातीला कुणीतरी मायेनंच म्हटलं असंल, चेंडू सुटल्यावर, "जाऊ दे गं, चाचाची गाठ." मैदानावरून ते बाजारात गेलं. मंठ्याचा बाजार काही सोडतो का? "चाचा, बाज द्या, पण झोपल्यावर खाली टेकवू नका म्हणजे झालं!" मी स्वतः ऐकलं, आमच्या दुकानासमोर. ऐकणारे हसले, चाचा पण हसले. पुढच्या ईदला आमच्यातून सरच गेले. येऊन म्हणाले, चाचींनी पातेलं तेवढंच केलं होतं गं, अकराजणींचं.

दोन वर्षांनी चाचा-चाची वडीगोद्रीला मुलीकडं राहायला गेले. माझ्यामुळं गेले, असं मी म्हणत न्हाई. लोखंडी पलंग आल्ते, बाजा कोण घेणार. माझ्यामुळंच सगळं झालं असं म्हणणं, हा पण एक तोरा झाला. मी त्यांचं नाव घालवलं, एवढंच मी केलं. गावातून जाताना ते नाव त्यांच्यासोबत असायला पाहिजे होतं.

शीतलची निवड झाली न्हाई. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. ती आता जालन्यात असते, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पाकिटं तपासते, आणि महिन्यातले दोन रविवार तरी मंठ्याला येऊन नव्या पोरींना शिकवते. अजून माझ्या डब्यातलं खाते. "चाचामुळं माझं राज्य हुकलं," असं हसत हसत सांगते. माझ्यापेक्षा जवळची तिला कुणी न्हाई. मला पण.

सगळ्या वर्षांत मी स्वतःला काय सांगितलं, माहीत आहे? की चाचांना कळलंच न्हाई. नजर अधू झालेली, सकाळची वेळ, ते काय ओळखणार कुणाची गाठ. त्यांना खरंच वाटलं असंल की आपलीच सरकली. हे मी इतक्यांदा सांगितलं की ते मला जवळपास पटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी बीडकडं एका लग्नाला चालले होते, एस्टी वडीगोद्रीला थांबली. रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान, त्याच्यासमोर बाकड्यावर चाचा. हातात काही न्हाई. नुसते बसलेले. मी उतरले. का उतरले, माहीत न्हाई. त्यांनी लांबूनच ओळखलं. "अरे, झारेवाली!" लगेच नातवाला चहा सांगितला. चाची बऱ्या आहेत, गुडघे धरलेत. आई कशी आहे, वाटाणे सोलती का अजून. क्लब चालू है? चालू है, चाचा. मंग म्हणाले, "जाली कौन बांधता अब?"

तयार जाळ्या दोन पावसाळ्यांत कडक होऊन तुटल्या होत्या. तेव्हापासून सगळ्या मीच बांधते. मी म्हणाले, "मीच बांधते, चाचा."

"उल्टे हाथ से?"

"न्हाई. उजव्यानं."

हे खरं आहे. त्या सकाळपासून मी डाव्या हातानं एक गाठ मारलेली न्हाई. चपलेची न्हाई, औषधाच्या पिशवीची न्हाई. उजव्यानं शिकायला वर्ष लागलं. नवरा विचारतो, डावखुरी ना तू, मंग गाठ तेवढी उजव्यानं का गं? मी म्हणते, सवय.

चाचांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. म्हणाले, "कायकू? अच्छी बैठती थी तेरी."

एवढंच. वर पाहिलं पण न्हाई. त्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. जाळीकडं बघायचे तसंच. मला बोलता आलं असतं. बाकड्यावर आम्ही दोघंच, एस्टी उभी, ड्रायव्हर उसाचा रस पिऊन राह्यला होता. वेळ भरपूर होता. मी म्हणाले, चाचा, चहा छान आहे. कंडक्टरनं शिट्टी मारली आणि मी चढले. खिडकीतून हात केला. उजवा.

ते आहेत अजून. वडीगोद्री काही लांब न्हाई. मी जाईन असं इथं लिहीत न्हाई, कारण तीन वर्षांत गेले न्हाई.

बाजार समितीच्या मागं आता आमची एक खोली आहे, पत्र्याची. काठ्या, चेंडू, पाण्याचा माठ तिथं असतो. आत दारासमोर खिळ्याला शीतलची ती जुनी काठी टांगलेली आहे. तिनंच टांगली, गंमत म्हणून, आणि खाली खडूनं लिहिलं, "चाचाची गाठ — तपासून निघा." खडू पुसला की कुणीतरी परत लिहितं. मॅचला निघताना पोरी तिला हात लावून जातात.

मागच्या रविवारी एकीचा सोपा झेल सुटला, सगळ्या ओरडल्या. मी पण ओरडले. बारा वर्षं ओरडते. सगळ्या गेल्यावर मी ती काठी खाली उतरवली आणि मानेपाशी अंगठा दाबून पाहिला. सरकलेली गाठ म्हणून टांगलीय ती. सूतभर हलली न्हाई. टोक डावीकडं. काठी परत खिळ्याला अडकवली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी आले.